"ऑटोस्केडिॲझम" हे कौतुक हाय का टोमणा?

माईकवाला_कोरेगाव

नमस्कार मंडळी. एक इंग्रजी शब्द विचारायचाय, सर्चला टाकला तर स्पेलिंगच जमेना म्हणून इथं आलो. मी निवेदन करतो, लग्न, बारसं, मंडळाचा गणपती, शाळांची गॅदरिंग, जे येईल ते, सातारा कोरेगाव रहिमतपूर या पट्ट्यात. मागच्या आठवड्यात एका हायस्कूलच्या स्नेहसंमेलनाला प्रमुख पाहुणे वाटेत अडकलेले, त्यात लाईट गेली, जनरेटर नुसता खोकतोय पण सुरू होईना, माईक बंद आणि समोर मैदान भरून पोरं-पालक. शिट्ट्या सुरू झाल्या. मग मी पीटीच्या सरांकडून कवायतीचा बॅटरीवरचा भोंगा मागून घेतला, बाकावर चढलो आणि पुढच्या रांगेतल्या आयांना म्हटलं की आज ज्यांची पोरं नाचणार हायत त्यांनी एकेक उखाणा घ्यायचा, पण नवऱ्याच्या नावाचा नाही, पोराच्या सरांचा किंवा बाईंचा. एका मावशींनी जागेवर उठून घेतला, "फळ्यावर काढला त्रिकोण, बाजू त्याला तीन, गणिताच्या सरांपुढं पोरगं माझं दीन." मैदान डोक्यावर घेतलं लोकांनी. मग रांगच लागली. पाहुणे पोचले तेव्हा लोक म्हणत होते थांबा अजून दोन होऊ द्या.

तर कार्यक्रम झाल्यावर इंग्रजीचे एक रिटायर सर आले, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले "व्हॉट ॲन ऑटो-शेडी-झम!" असं काहीतरी. मी म्हटलं सर काय ते लिहून द्या, तर पत्रिकेच्या मागं लिहून दिलं, गालात हसले आणि स्कूटरला किक मारून गेले. ते हसणं काय मला पचेना. कौतुक केलं का "काहीही फेकत होतास" असं म्हणाले? अर्थ काय, उच्चार काय, आणि कुणी खरंच वापरतं का हा शब्द? चांगला असला तर व्हिजिटिंग कार्डवर टाकावा म्हणतोय.

रानातला_गडी

लका आधी शिवी न्हाय ना ते बघ, मग कार्ड छाप 😂

शब्दांचा_नाद (सांगली)

शिवी नाही, काळजी नको. शब्द ऑटोस्केडिॲझम. मधला एस-सी-एच बघून आपल्याला "श" म्हणावंसं वाटतं पण स्कूल, स्किम यांच्यासारखा तिथं "स्क" आहे, ऑ-टो-स्के-डि-ॲ-झम, जोर "स्के" वर. अर्थ साधा, आधी काही न ठरवता, त्या क्षणी, जागच्या जागी केलेली किंवा बोललेली गोष्ट. इम्प्रोव्हायझेशनच, फक्त ग्रीक कपडे घातलेलं. क्रियापद ऑटोस्केडिॲझ, आणि तसं करणाऱ्याला ऑटोस्केडिॲस्ट, म्हणजे भाऊ तुम्ही.

मला यातला ग्रीक धागा लय आवडतो म्हणून जरा लांबण लावतो. ऑटो म्हणजे स्वतः, आणि स्केडिऑस म्हणजे जवळचं, हाताशी असलेलं, त्यावरून मग हातासरशी उरकलेलं. होमरच्या इलियडमध्ये याच कुळातला शब्द येतो तो हातघाईच्या लढाईसाठी, भाला फेकायला अंतरच उरलेलं नाही, जे हातात आहे त्यानं समोरच्याला भिडायचं. तिथून तो भाषणात आला, कागद नाही, तयारी नाही, समोर लोक आहेत आणि भिडायचंय. आणि गंमत बघा, आपण चित्राच्या वहीत काढतो ते "स्केच" पण याच घरातलं, ग्रीकमधून लॅटिन, लॅटिनमधून इटालियन, पुढं डच असं फिरत फिरत इंग्रजीत गेलंय. झटपट ओढलेलं म्हणून स्केच. आणि आजच्या ग्रीक भाषेत "स्केडिओ" म्हणजे काय माहितेय का? प्लॅन, आराखडा! म्हणजे घाईघाईत केलेलं पुढच्या पिढ्यांनी आराखडा म्हणून वापरायला घेतलं. नगरपालिकांचे विकास आराखडे बघितले की मला तरी यात काही नवल वाटत नाही.

कराडच्या_मॅडम

शब्दांचा_नाद यांनी मूळ छान सांगितलं, मी वापराचं सांगते कारण मी ज्युनिअर कॉलेजला इंग्रजी शिकवते आणि दरवर्षी कुणीतरी असा एखादा शब्द निबंधात कोंबतंच. स्पष्ट सांगायचं तर हा शब्द इंग्रजीत रोज कुणी बोलत नाही. शब्दकोशात आहे, अवघड शब्दांच्या याद्यांमध्ये फिरतो, अभ्यासकांच्या लिखाणात कधीमधी दिसतो, बास. लंडनच्या बसमध्ये म्हणालात तर तिथला माणूस पण "काय?" म्हणेल.

रोजचे शब्द वेगळे आहेत आणि त्यांच्यात बारीक फरक आहेत. एक्सटेम्पोर म्हणजे कागदाशिवाय बोलणं, पण विषय आणि मुद्दे मनात असू शकतात. इम्प्रॉम्प्टू म्हणजे त्याहून अचानक, "अहो तुम्हीच बोला दोन शब्द" असं म्हणून उठवलं की जे होतं ते. ॲड-लिब म्हणजे लिहिलेल्या संहितेत मधेच स्वतःचं घालणं, नाटकात रेडिओवर हा शब्द जास्त. विंग इट म्हणजे तयारी नसताना रेटून नेणं, आपलं वेळ मारून नेणं. ऑटोस्केडिॲझमला यातली कुठलीच छटा पक्की चिकटलेली नाही, कारण छटा चिकटायला लोकांनी वापरावा लागतो. त्यामुळं तो कौतुक का टोमणा हे बोलणाऱ्याच्या तोंडाकडं बघूनच ठरवावं लागणार. सरांनी "व्हॉट ॲन" असं सुरू केलंय म्हणजे ऐंशी टक्के कौतुक.

कार्डवर टाकू नका. कार्ड वाचून समोरच्यानं फोन लावला पाहिजे, डिक्शनरी नाही उघडली पाहिजे.

माईकवाला_कोरेगाव

मॅडम धन्यवाद 🙏 पण ते उरलेले वीस टक्केच मला झोपू देत नाहीत. ग्रीक लोक तरी चांगल्या अर्थानं म्हणायचे का?

शब्दांचा_नाद (सांगली)

ग्रीकांच्यात दोन्ही चालायचं, म्हणूनच तर मजा.

टोमण्याची बाजू आधी. प्लेटोनं सॉक्रेटिसच्या खटल्यातलं भाषण लिहिलंय, त्यात सॉक्रेटिस म्हणतो की तुमच्यातला कुणीतरी मला विचारेल, अरे तुझ्याबद्दल एवढी बोंब का झाली ते तूच सांग, म्हणजे आम्ही तुझ्याविषयी उगाच काहीतरी ठोकून देणार नाही. ते "उगाच ठोकून देणं" हेच क्रियापद. म्हणजे माहिती नसताना मत झाडणं. व्हॉट्सॲप ग्रुपवर जे चालतं ते सगळं या अर्थानं ऑटोस्केडिॲझमच.

आता कौतुकाची बाजू. ॲरिस्टॉटल काव्यशास्त्रात सांगतो की माणसाला अनुकरण, सूर आणि लय जन्मजात आवडतात, ज्यांच्यात ती आवड जास्त त्यांनी थोडं थोडं पुढं नेलं आणि अशा उत्स्फूर्त प्रयत्नांतून कविता जन्माला आली. तिथं त्यानं हाच शब्द वापरलाय. पुढं म्हणतो ट्रॅजेडी आणि कॉमेडी दोन्हीची सुरुवात उत्स्फूर्तच, ट्रॅजेडी निघाली ती डायोनिसस देवाची गाणी म्हणणाऱ्या मेळ्याचे जे पुढारी असायचे त्यांच्यातून. म्हणजे अख्खी ग्रीक रंगभूमी बाकावर चढलेल्या कुणातरी निवेदकापासून सुरू झाली म्हणा की.

पडद्यामागचा

आता रंगभूमीचा विषय निघाला आणि सांगलीकर गप्प बसला असं व्हायचं नाही. ॲरिस्टॉटलला अथेन्सचं माहीत होतं, आमच्याकडं तर तारखेसकट आहे. ५ नोव्हेंबर १८४३, सांगली, विष्णुदास भाव्यांचं सीतास्वयंवर. आपण ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन करतो तो याचाच. त्याच्या आदल्या वर्षी कर्नाटकातून भागवत मंडळी सांगलीला खेळ करायला आलेली, ते बघून सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी भाव्यांना सांगितलं असलं काहीतरी आपल्या मराठीत बसवा.

लोकांना काय वाटतं की भाव्यांनी नाटक लिहिलं, पात्रांनी पाठ केलं, केलं. तसं नव्हतंच ते! भाव्यांनी लिहिली ती पदं. सूत्रधार मागं साथीला माणसं घेऊन पद म्हणणार, त्यात कथा पुढं सरकणार, आणि पद संपलं की ज्याचं त्याचं पात्र त्याच अर्थाचं गद्य भाषण आपल्या मनानं करणार. संवादाची वहीच नाही. रामानं काय बोलायचं हे रामाचं काम करणाऱ्यानं बघायचं, रावणाला आवेश आला तर तो चार वाक्यं जास्त बोलणार, समोरच्यानं ती झेलायची. राक्षस आरडाओरडा करत यायचे त्यावरून पुढच्या शिकलेल्या मंडळींनी "अललडुर्र" नाटकं म्हणून चेष्टा केली, कुणी "तागडथोम" म्हटलं. मग १८६० नंतर आधी पूर्ण लिहून काढलेली गद्य नाटकं यायला लागली, त्यांना नाव पडलं "बुकिश" नाटकं. म्हणजे बघा, लिहिलेल्या नाटकाला वेगळं नाव द्यावं लागलं कारण न लिहिलेलं हेच नेहमीचं होतं!

हौशी नाटकात मी लाईट बघतो. संहितेबाहेर एक शब्द गेला की दिग्दर्शक खवळतात, पण नाट्यपंढरी म्हणून मिरवतो ती सांगली उभी राहिली अशा नाटकावर ज्याला संवादाची संहिताच नव्हती.

रानातला_गडी

मग तमाशा का सोडला? आमच्या वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव, कवलापूरचे काळू-बाळू, ही काय कमी मंडळी हायत का. गण गवळण झाली की बतावणी, त्यात सोंगाड्या जे बोलतो ते सगळं वहीत न्हाय बसत. ज्या गावात बारी असंल त्या गावचा सरपंच, बंद पडलेली पाण्याची टाकी, यात्रा कमिटीतली भांडणं, सगळं दुपारी चहाच्या टपरीवर ऐकून ठेवायचं आणि रात्री वगात घुसडायचं. राजा म्हणणार प्रधानजी राज्याची हालहवाल काय, प्रधान म्हणणार महाराज सगळं ठीक हाय फक्त अमक्या वस्तीवर अजून डांबर पडलं न्हाय. पब्लिक खलास. आणि सरपंच पुढच्या खुर्चीत बसून हसतोय कारण न हसून जातोय कुठं.

पडद्यामागचा

रानातला_गडी, सोडला नाही हो, तुमच्यासाठी ठेवला होता 😄 पण तुम्हीच सांगितलं बघा, दुपारी टपरीवर ऐकून ठेवायचं. म्हणजे तयारी झालीच की.

तंबोरा_मिरज

हाच मुद्दा मला घालायचा होता. इथं सगळे "तयारी नसताना" असा अर्थ सांगताय, आणि शब्दकोशापुरतं ते बरोबर पण असेल, पण आमच्या गाण्यात हे उलटं आहे. ख्यालाची बंदिश बघा, स्थायी अंतरा मिळून चारसहा ओळी, नुसती म्हटली तर दोन मिनिटांत संपेल. गवई तेवढ्यावर अर्धा-पाऊण तास गातो तो सगळा विस्तार जागेवर होतो. विलंबित एकतालाच्या बारा मात्रा डोक्यात फिरतायत, रागाचे नियम पाळायचेत, तबलजीनं मधेच काही वेगळं केलं तर त्याला उत्तर द्यायचंय आणि फिरून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, यायचंय. याला आम्ही म्हणतो उपज. आतून उपजलं ते. आणि ज्याची उपज चांगली त्याच्याबद्दल जुने लोक काय म्हणतात, "तयारी आहे हो याची!"

आमच्या मिरजेत मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे, १९३७ ला गेले ते. उरुसात त्यांच्या नावानं अजून गाणं होतं, गवई येऊन हजेरी लावतात. तिथं मांडी घालून ऐका एकदा. समोरचा आलापीत एखादी जागा घेतो, तुम्हाला वाटतं आत्ता सुचली, आणि सुचलेली आत्ताच असते, पण ती सुचावी म्हणून त्यानं वर्षानुवर्षं पहाटे उठून खर्ज, म्हणजे खालच्या सुरांचा रियाज, लावलेला असतो. तीच जागा दुसऱ्या दिवशी परत घ्या म्हटलं तर तशीच येईल याची गॅरंटी तो स्वतः पण देणार नाही.

म्हणून त्या सरांना भेटलात तर सांगा, आमच्याकडं याला उपज म्हणतात, आणि ते लय मोठं कौतुक असतं.

रानातला_गडी

तंबोरा भाऊ मान्य, पण सगळंच खर्ज लावून येत न्हाय. आमची विहिरीवरची मोटर बघा. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की फुटव्हॉल, म्हंजे पाइपाच्या खालच्या टोकाची झडप, आमच्यात त्याला सगळे फुटबॉलच म्हणतात, त्यात काडीकचरा अडकून गळायला लागतो. मग पाइपात पाणी ठरत न्हाय, मोटर सुरू केली की नुसती हवा ओढती. रात्रीची लाईट, आठ तास मिळणार, विहिरीत कोण उतरणार. मग शेण कालवायचं पातळसर, बादलीनं वरनं पाइपात ओतायचं, ते खाली जाऊन फटीत बसतं, पाणी ठरलं की लगेच स्टार्टर दाबायचा. मोटरीनं धार धरली की ऊस भिजला. आता मला सांगा हे काय शेडिझम का काय ते, का नुसता जुगाड? आमच्या भागात "जुळणी लावली" म्हणतात.

आणि महापुरात आमच्याकडं गुऱ्हाळातल्या गुळाच्या काहिली, म्हंजे रस उकळायच्या मोठ्या कढया, पाण्यात सोडून माणसं इकडची तिकडं केली होती, ते पण यात बसतं का?

शब्दांचा_नाद (सांगली)

काहिलीचं वाचून मी खुर्चीतून उठलो! ग्रीकमध्ये तराफ्याला शब्द आहे "स्केडिआ". ओडिसीमध्ये ओडिसियस बेटावर अडकलेला असतो, तिथली झाडं तोडून तो स्वतःच्या हातानं जे बांधून समुद्रात लोटतो ते स्केडिआ. ग्रीक कोशवाले हा शब्द त्याच घरात बसवतात, वेळेला हाताशी होतं त्यातून उभं केलेलं तरंगणारं काहीतरी. तुमची काहील म्हणजे अस्सल स्केडिआ.

कराडच्या_मॅडम

कुळ एक असलं तरी इंग्रजीत वस्तूंसाठी ऑटोस्केडिॲझम सहसा येत नाही, तो बोलणं, लिहिणं, सादर करणं याकडं झुकलेला आहे. मोटरीच्या शेणकाल्याला इंग्रजीत ज्युरी-रिग म्हणता येईल. त्याचा कोर्टातल्या ज्युरीशी काही संबंध नाही, जहाजाचं शीड लावायचा खांब वादळात मोडला की भर समुद्रात जे मिळेल ते उभं करून कामचलाऊ खांब करायचे, त्याला ज्युरी मास्ट म्हणायचे, त्यावरून आलं. फ्रेंचांचा ब्रिकोलाज पण जवळचा, क्लोद लेव्ही-स्ट्रॉस या मानववंशशास्त्रज्ञानं १९६२ च्या पुस्तकात तो वापरला आणि तिथून तो विद्यापीठांत गाजला. घरातल्या उरल्यासुरल्या गोष्टींतून काम भागवणारा माणूस आणि आधी आराखडा करून, मग त्यासाठी सामान मागवणारा इंजिनिअर, असा फरक त्यानं मांडलाय.

वर्गात मी मुलांना अपोलो १३ चं सांगते. एप्रिल १९७०, चंद्राकडं जाताना ऑक्सिजनची टाकी फुटली, तिघं जण चंद्रावर उतरायच्या छोट्या यानात येऊन बसले जे दोघांसाठीच बनवलं होतं. श्वासातला कार्बन डायऑक्साइड वाढायला लागला. तो शोषणारे जादा डबे मुख्य यानात होते पण ते चौकोनी, आणि इकडची भोकं गोल. खाली ह्यूस्टनला इंजिनिअर लोकांनी यानात जे सामान आहे तेवढंच टेबलावर मांडलं, प्लास्टिकच्या पिशव्या, माहितीपुस्तिकेचे पुठ्ठे, स्पेससूटची नळी आणि चिकटपट्टी, त्यातून जोडणी केली आणि ती कशी करायची ते रेडिओवरून एकेक पायरी वाचून सांगितलं. तिघंही घरी आले. रानातला_गडी, तुमचा शेणकाला याच खानदानातला आहे, लाजू नका.

रानातला_गडी

मॅडम आता हे मी आमच्या म्हाताऱ्याला सांगणार, नासा आणि आपण एका लेव्हलला आलो म्हणून 🚀

अकरावी_ब

मध्ये बोलतेय सॉरी, मी वाईची आहे, पुढच्या महिन्यात कॉलेजमध्ये एक्सटेम्पोर स्पर्धा आहे, चिठ्ठी उचलायची, दोन मिनिटं विचार करायला आणि मग तीन मिनिटं बोलायचं. तंबोरा काका म्हणतायत तयारी लागते पण विषयच माहीत नसेल तर तयारी कशाची करायची? आणि हा शब्द भाषणात वापरला तर इम्प्रेशन पडेल का?

माईकवाला_कोरेगाव

हे मला सांगू दे, माझं पोट यावरच चालतं. बाळ, विषय माहीत नसतो पण तू माहीत असतेस ना. मी कुठल्याही कार्यक्रमाला जाताना खिशात काही गोष्टी ठेवतो, तुकाराम महाराजांचे दोनचार अभंग अर्थासकट, आपल्या भागातला एखादा किस्सा, एक लहानपणीची आठवण, एक पेपरात आलेली ताजी बातमी. विषय कुठला पण येऊ दे, यातलं एक कुठंतरी जोडता येतंच. "मोबाईल" आला तरी येतं आणि "माझी शाळा" आला तरी येतं. त्या दोन मिनिटांत अख्खं भाषण डोक्यात लिहायला बसू नको, तिथंच पोरं फसतात. फक्त पहिलं वाक्य आणि शेवटचं वाक्य ठरव. पहिलं ठरलं की पाय थरथरत नाहीत, शेवटचं ठरलं की थांबायचं कुठं ते कळतं. मधे अडकलीस तर "अं अं" करू नको, सरळ गप्प बस एक क्षण, लोकांना वाटतं विचार करतेय. उखाण्याचं मला त्या दिवशी सुचलं ते पण हवेतून नाही आलं, हळदीच्या कार्यक्रमात बायकांना कशावर बोलतं करायचं हे आधीच पाठ झालेलं, फक्त नवऱ्याच्या जागी सर टाकले.

कराडच्या_मॅडम

याहून चांगलं मी पण सांगितलं नसतं. त्यात एक भर घालते. मार्टिन ल्यूथर किंग यांचं २८ ऑगस्ट १९६३ चं वॉशिंग्टनचं भाषण, "माझं एक स्वप्न आहे" म्हणून जगभर ओळखलं जातं तो भाग हातातल्या कागदावर नव्हता. जवळ बसलेल्या गायिका महालिया जॅक्सन यांनी मोठ्यांदा सांगितलं की स्वप्नाचं सांगा त्यांना, आणि त्यांनी कागद सोडून बोलायला सुरुवात केली. पण तेच स्वप्न ते त्याआधी दुसऱ्या सभांमध्ये बोललेले होते, जूनमध्ये डेट्रॉइटला पण. तोंडात बसलेलं होतं, फक्त त्या दिवशी कागदावर नव्हतं.

उलट बाजूला डेमोस्थेनिस, ग्रीकांचा सगळ्यात मोठा वक्ता. सभेत लोक नाव घेऊन बोलवायचे तरी तयारी नसेल तर तो उठत नसे. विरोधक चिडवायचे की याच्या मुद्द्यांना दिव्याच्या वातीचा वास येतो, म्हणजे रात्र जागून लिहिलेले. त्याच शतकातला अल्किडामस नावाचा शिक्षक मात्र लिहून आणून भाषण करणाऱ्यांवर तुटून पडला, खरा वक्ता तोच जो ऐनवेळी बोलतो असं त्याचं म्हणणं. आणि हे म्हणणं त्यानं कसं मांडलं? लिहून! त्यानं स्वतः ती कबुली पण दिलीय त्याच लेखात. हा किस्सा भाषणात वापर, शब्दापेक्षा याचं इम्प्रेशन जास्त पडेल.

पडद्यामागचा

वाईची आहेस तर भाव्यांचं पण सांग, परीक्षक सांगलीचा निघाला तर नंबर पक्का 😄

तंबोरा_मिरज

आणि घड्याळ लावून रोज एक विषय घरच्यांकडून मागून बोल. आई भाकरी करताना जे दिसेल तो विषय. परात, तवा, काटवट. सुरुवातीला दोन वाक्यांत संपेल, महिनाभरानं तीन मिनिटं पुरणार नाहीत. यालाच रियाज म्हणतात.

अकरावी_ब

थँक्यू सगळ्यांना. मॅडम तरी पण तो शब्द एकदा तरी वापरायचाच आहे मला 🙈 कसा वापरू?

कराडच्या_मॅडम

बरं बाई. मग सुरुवातीला नको, मधे पण नको, शेवटी आभाराच्या जागी घाल आणि लगेच अर्थ सांगून मोकळी हो. "धिस वॉज माय लिटल ऑटोस्केडिॲझम, दॅट इज, अ स्पीच आय डिड नॉट नो आय हॅड." म्हणजे असं भाषण जे माझ्याकडं आहे हे मलाच माहीत नव्हतं. ऐकणाऱ्याला अर्थ कळतो, शब्द नवा मिळतो आणि तू शब्द फेकल्यासारखी वाटत नाहीस. आरशासमोर पंचवीस वेळा म्हणून बघ, "स्के" वर अडखळलीस तर सगळं मुसळ केरात. आणि परीक्षकांनी स्पेलिंग विचारलं तर ऑटो, मग एस-सी-एच-ई-डी-आय, मग ए-एस-एम. शेवटी झेड लावायचा मोह होतो, लावू नकोस, झेड फक्त क्रियापदात येतो.